रोहतांग खिंड की अटल टनेल? मनालीला निघण्यापूर्वी एवढं वाचा

मनालीहून परतलेल्या माणसाला “रोहतांग झालं का?” असं विचारलं की उत्तर हमखास येतं, “झालं ना, टनेलमधून गेलो!” म्हणजे झालं नाही. रोहतांग ही पीर पंजाल रांगेच्या माथ्यावरची खिंड आहे आणि अटल टनेल हा त्याच रांगेच्या पोटातून काढलेला बोगदा आहे. एकातून गेलात म्हणजे दुसरी टाळलीत. बोगदा बांधला तोच मुळी खिंडीवर चढावं लागू नये म्हणून.

गल्लत होण्यात पर्यटकांचा फार दोष नाही. बांधकाम चालू होतं तोवर सगळे त्याला रोहतांग टनेलच म्हणत. २०१९च्या डिसेंबरमध्ये त्याला अटलबिहारी वाजपेयींचं नाव दिलं गेलं आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो वाहतुकीला खुला झाला. बोलण्यातलं जुनं नाव मात्र अजून गेलेलं नाही. त्यात सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवशी “रोहतांग / अटल टनेल” असं तिरकी रेघ मारून छापलेलं असतं. ही रेघ फार सोयीची असते. ‘आणि’ की ‘किंवा’, हे तिथे पोहोचल्यावर कळतं.

मनालीहून वर निघालात की पलचानपर्यंत रस्ता एकच. तिथे फाटा फुटतो. एक रस्ता सोलंग, धुंदीकडून बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी जातो, दुसरा कोठी, गुलाबा, मढी करत वळणावळणाने खिंडीवर चढतो. गाडी पलचानला कुठल्या रस्त्याला लागली एवढं पाहिलंत तरी दिवसभरात काय दिसणार ते समजतं.

खिंडीची उंची ३,९७८ मीटर, मनालीची साधारण २,००० मीटर. अंतर ५१ किलोमीटरच आहे, पण हंगामात गाड्यांची रांग लागली की दोन तासांचे चार कधी होतात कळत नाही. कोठीच्या आसपास रस्त्याला लागून भाड्याने कोट-बूट देणाऱ्या दुकानांची ओळ आहे. ड्रायव्हर बहुधा तिथे गाडी थांबवतोच. बूट घ्या, ते खरंच लागतात. अंगातला रंगीत सूट स्वतःचं जाड जाकीट असेल तर नाही घेतला तरी चालतो. मढीला ढाबे आहेत, राजमा-चावल आणि चहा मिळतो. पुढे झाडं संपतात. मे-जूनमध्ये रस्त्याच्या कडेला बर्फाच्या उभ्या भिंती दिसतात. मशीनने कापलेल्या असल्यामुळे त्यात हिवाळाभराचे थर मोजता येतील इतके स्पष्ट असतात, एक पांढरा, एक मळकट, मध्येच बारीक खडीची रेघ. फोटोतला शुभ्र बर्फ डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांचा इथे थोडा हिरमोड होतो. पायांखाली तुडवलेला, मातकट बर्फ असतो आणि त्यावर घोडे, टायर, मक्याची कणसं असा सगळा बाजार. तरीही पलीकडे लाहौल खोऱ्याचे डोंगर उघडे पडतात ते दृश्य बोगद्यातून कधीच मिळणार नाही. सकाळी लवकर निघा. दुपारनंतर खिंडीवर वारा सुटतो आणि ढग आले की काही मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं.

बोगद्याचं काम अगदी वेगळं. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची ३,००० मीटरच्या थोडी वर. मनाली ते केलांग (लाहौलचं मुख्य ठिकाण) हे अंतर त्यामुळे ४६ किलोमीटरने घटलं. एकाच नळीत दोन लेन आहेत आणि संकटकाळी बाहेर पडायची वाट रस्त्याच्या खालून काढलेली आहे. काम चालू असताना सेरी नाल्याखालच्या ढिसूळ पट्ट्यात पाणी घुसत राहिलं आणि बोगदा बांधणाऱ्या बीआरओची (सीमा रस्ते संघटना) काही वर्षं त्यातच गेली. आत गाडी थांबवून फोटो काढायला बंदी आहे, दंड होतो. खरं सांगायचं तर आत पाहण्यासारखं काही नाही, दिवे आणि भिंती. गंमत आहे ती पलीकडे बाहेर पडतानाची. आत शिरताना देवदारांची हिरवी, ओलसर कुल्लू खोरी आणि दहा-बारा मिनिटांनी समोर उघडेबोडके करडे डोंगर, खाली चंद्रा नदी, काठाला विलोची झाडं. पावसाळी ढग या रांगेला अडतात, म्हणून लाहौल कोरडं. तिथून थोड्याच अंतरावर सिस्सू गाव. तिथला धबधबा आणि तळं पाहून बहुतेक गाड्या मागे वळतात.

आता परवान्याचं. बोगद्याला पर्यटकांसाठी परवाना नाही. खिंडीला आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर दिवसाला १,२०० गाड्यांची मर्यादा घातली गेली, ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. परवाना ऑनलाइन काढायचा असतो आणि सुट्टीच्या दिवसांत तो झटपट संपतो. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी खिंड पर्यटकांना बंद असते. तुमचा रोहतांगचा दिवस मंगळवारी येत असेल तर टूरवाल्याला आधीच विचारा. स्थानिक टॅक्सीवाले परवान्याची व्यवस्था करतात, पण भाडं त्या हिशेबाने वाढतं. पॅकेजमध्ये ‘रोहतांग स्वखर्चाने’ असं बारीक अक्षरात असतं ते हेच.

बर्फासाठी कुठे जायचं, हा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर महिन्यावर आहे. नाताळात किंवा जानेवारीत खिंड बंदच असते. त्या दिवसांत कुणी रोहतांग दाखवतो म्हणाला तर समजून घ्या की तो बोगद्याबद्दल किंवा सोलंगबद्दल बोलतोय. तेव्हा बर्फ बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी, सिस्सूला, सगळीकडे असतो. फार पडला तर पोलीस फोर-बाय-फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत स्थानिक सणांच्या काळात सिस्सू भागातले गावकरी काही आठवडे पर्यटन बंद ठेवतात, तेही विचारून घ्या. मेच्या सुट्टीत चित्र उलटं होतं. सिस्सूला बर्फ उरलेला नसतो, शेतात वाटाणा-बटाट्याची लगबग सुरू होते आणि बर्फ हवा तर खिंडच गाठावी लागते. ती बहुतेक वर्षी मे महिन्यात कधीतरी उघडते. त्याआधी गाड्या गुलाबा किंवा मढीपर्यंतच जातात. मुलांना बर्फात खेळवायचं म्हणून एप्रिल-मेमध्ये टनेलची सहल घेणारे याच ठिकाणी फसतात.

गाडीत कोण आहे, हेही बघा. खिंडीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास भरतो. मनालीत आदल्या संध्याकाळी पोहोचून दुसऱ्या सकाळी थेट वर चढलात तर धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं. आजी-आजोबांना दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, सोबत तान्हं बाळ असेल, तर मी सरळ बोगदा आणि सिस्सू सुचवेन. उंची सुमारे नऊशे मीटरने कमी, वळणं कमी, आणि काही झालं तर मनालीला लवकर परतता येतं.

दोन्ही एका दिवसात होतात, हे फारसं कुणी सांगत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये रस्ता उघडा असेल तर परवाना घेऊन सकाळी खिंडीवर चढायचं, पलीकडे ग्राम्फूला उतरायचं, तिथून कोकसर, सिस्सू करत बोगद्यातून संध्याकाळपर्यंत मनालीत. ग्राम्फूपर्यंतचा उतार खडबडीत आहे आणि ड्रायव्हर जादा पैसे मागतो, म्हणून भाडं ठरवतानाच “वरून जाऊन खालून यायचंय” असं स्पष्ट सांगा. लेहला किंवा हिवाळ्यात केलांगला निघालेल्यांना तर खिंडीचा विचारच करायला नको, ते बोगद्यानेच जातात.