डायबेटीसमधे पोळी-भात कमी करणं, ही इन्सुलिनच्याही आधीची गोष्ट

लो कार्बचं, म्हणजे पोळी, भात, साखर यांतले कार्बोहायड्रेट कमी करण्याचं, नाव काढलं की आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधे पहिली प्रतिक्रिया ठरलेली, हे सगळं आत्ताचं फॅड आहे, मोबाईलवर बघून लोक सुरू करतात आणि महिन्याभरात सोडतात. ज्या गावात सकाळ पोहे-जिलबीने होते आणि रात्री सराफ्यात साबुदाण्याच्या खिचडीला नि थंडीत तळलेल्या गराडू कंदाला गर्दी असते तिथे टाइप टूच्या, म्हणजे बहुतेक करून मोठ्या वयात होणाऱ्या डायबेटीसच्या, पेशंटला "कार्ब कमी करा" सांगणं सोपं नाहीच, हे मला पूर्ण मान्य आहे. पण फॅड म्हणणं पटत नाही. ज्याला फॅड म्हणतात तो एकेकाळी डायबेटीसचा एकमेव चालणारा उपाय होता, आणि तो मागे का पडला नि परत का आला हे माहीत असलं की डॉक्टरांशी बोलताना पण फरक पडतो.

आपल्याकडची जुनी नोंद चरकसंहितेतली. प्रमेहाची, म्हणजे डायबेटीसशी जुळणाऱ्या विकाराची, कारणं सांगताना तिथे बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवीन धान्य आणि गुळाचे पदार्थ अशी यादी येते, आणि पथ्यात जवावर भर आहे. त्यात आजची बायोकेमिस्ट्री शोधू नये, जव पण शेवटी धान्यच, पण गोड आणि बैठं जगणं हे दोन्ही त्या लोकांनी एका ओळीत धरलं होतं एवढं नक्की.

युरोपात हा विषय नीट सुरू झाला तो जॉन रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरपासून. त्याच्याकडे कॅप्टन मेरेडिथ नावाचा पेशंट होता, आधी चांगला जाडजूड, मग वजन उतरत चाललेलं, सारखी तहान आणि लघवीला गोडवा. रोलोने त्याचं जवळजवळ सगळं धान्य नि भाजीपाला बंद केला आणि मांस नि चरबीवर ठेवलं, दुपारी रक्त आणि चरबीचं पुडिंग, जेवणात जुनं ठेवलेलं मांस, आणि सकाळी दूध, चुन्याची निवळी नि तेवढा ब्रेड-बटर. ऐकूनच आपल्याला कसंतरी होईल, पण लघवीतली साखर कमी झाली आणि माणूस सुधारला. १७९७ ला रोलोने हे छापलं. नंतर फ्रान्समधे बुशार्दा नावाच्या डॉक्टरने १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात बघितलं की अन्नाची टंचाई झाली तशी त्याच्या पेशंटांच्या लघवीतली साखर नाहीशी होत गेली, आणि तो पेशंटांना कमीत कमी खा, हातपाय हलवा असं सांगायला लागला. पिठातला स्टार्च धुऊन काढून उरलेल्या ग्लुटेनचा ब्रेड त्याने सुचवला, म्हणजे आज दुकानात जे लो कार्ब ब्रेड म्हणून मिळतं त्याचा पूर्वज दीडशे वर्षांहून जुना आहे!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन आला आणि त्याने हे टोकाला नेलं. पेशंटला आधी उपाशी ठेवायचं, लघवीतली साखर गेली की थोडं थोडं अन्न द्यायचं, भाज्या तीन-तीन वेळा उकळून पाणी फेकायचं म्हणजे त्यातले कार्ब निघून जातील. टाइप वनच्या, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, लहान मुलांचे अक्षरशः सापळे व्हायचे, पण जगायची काही महिने-वर्षं वाढायची, दुसरं काही हातात नव्हतंच. मग जानेवारी १९२२ मधे टोरांटोला लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन दिलं गेलं आणि चित्रच पालटलं. इन्सुलिनने लाखो जीव वाचवले, त्याबद्दल कोणी वाकडं बोलू नये. पण त्याच्या मागोमाग एक विचार हळूहळू बदलला, औषध आहे ना, मग खाण्याला कशाला बांधायचं, थोडं इन्सुलिन वाढवू. टाइप वनच्या मुलांसाठी हे समजण्यासारखं होतं, ती मुलं उपासमारीतून सुटली. टाइप टूच्या माणसाचा आजार मात्र वेगळा आहे आणि ते कळायला वेळ लागला. १९३६ ला हॅरॉल्ड हिम्सवर्थने दाखवलं की काही पेशंटांवर इन्सुलिन नीट काम करतं आणि काहींवर करतच नाही, आणि १९६० च्या सुमारास यॅलो आणि बेर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली तेव्हा दिसलं की मोठ्या वयात डायबेटीस झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असतं, फक्त शरीर त्याचं ऐकत नाही. म्हणजे ज्याच्या अंगाला कार्ब हाताळणंच जड जातंय त्याच्या ताटात कार्ब जास्त ठेवून वरून औषध वाढवत न्यायचं, हा उपाय निदान विचारात टाकणारा तरी आहे.

तरी उलटंच झालं, आणि त्याला कारण हृदयरोग. डायबेटीसवाले हार्ट अटॅकने जात होते, दोष चरबीवर आला, चरबी कमी करायची तर ती जागा कशाने तरी भरायची, ती भरली धान्याने. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनने १९७१ ला कार्बवरचं बंधन सैल केलं आणि १९७९ ला तर ५० ते ६० टक्के कॅलरी कार्बमधून घ्या असं सांगितलं. आपल्याकडे छापून मिळणारे डाएट चार्ट पुष्कळसे त्याच वळणाचे, सकाळी पोहे किंवा उपमा, चार वाजता मारी बिस्किट, रात्री तीन फुलके.

परत फिरायला सुरुवात एका इंजिनियरने केली. रिचर्ड बर्नस्टीन, स्वतः लहानपणापासून टाइप वन. १९६९ च्या सुमारास ग्लुकोमीटर फक्त डॉक्टरांना विकत मिळायचं, याची बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर घेतलं आणि दिवसातून कितीतरी वेळा बोट टोचून कुठलं अन्न साखर किती वर नेतं हे लिहून ठेवलं. कार्ब खूप कमी केले की साखर सरळ राहते असं त्याला दिसलं, पण डॉक्टर मंडळी ऐकेनात, तेव्हा हा पंचेचाळिशीत मेडिकल कॉलेजात गेला. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात जास्त आवडतो. आज जे मशीन घरोघरी टेबलावर पडलंय त्याने पेशंटला स्वतःच्या ताटाचा पुरावा दिला. आमच्या आत्याचं बघा ना, पोह्यांनी काही होत नाही, हलके असतात, हे तिचं ठाम मत, मग एक दिवस सेव-जीरावन घातलेले पोहे खाऊन दोन तासांनी टेस्ट केली तर आकडा दोनशेच्या बराच वर, आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर परतलेलं पनीर, काकडी नि मूठभर शेंगदाणे खाऊन दीडशेच्या आत. कोणी लेक्चर द्यायची गरजच पडली नाही.

इंग्लंडमधे साउथपोर्टच्या डेव्हिड अनविन या साध्या फॅमिली डॉक्टरने २०१२ नंतर आपल्या पेशंटांना हेच समजवायला साखरेच्या चमच्यांचे तक्ते केले, १५० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे सुमारे दहा चमचे साखर असं. मग मोठ्या संस्था पण सरकल्या, २०१९ ला अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्याच अहवालात आलं की रक्तातली साखर सुधारायला कार्ब कमी करण्याच्या बाजूने सगळ्यात जास्त पुरावा आहे. २०२१ ला बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा सहा महिन्यांनी लो कार्बवाल्यांपैकी ५७ टक्के रेमिशनमधे, म्हणजे साखर डायबेटीसच्या पातळीखाली आलेले, आणि दुसऱ्या डाएटवाले ३१ टक्के, पण वर्षभरानंतर फरक कमी होत जातो, कारण लोक टिकवत नाहीत हे एक मोठं कारण. ही बाजू पण सांगायलाच हवी, नाहीतर आपण पण चमत्कार विकणाऱ्यांच्या रांगेत.

आता आपल्याकडचं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी किती असते हे दाखवलं, २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून "मी तर सडपातळ, मला काय होणार" हे आपल्या लोकांनी म्हणूच नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या सर्व्हेत २०२३ ला देशात डायबेटीसचे १० कोटींच्या वर लोक निघाले, आणि त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की भारतीयांच्या कॅलरीपैकी सुमारे ६२ टक्के कार्बमधून येतात. त्यातली एक गोष्ट फार कामाची आहे, मैदा-पांढरा भात काढून तेवढीच ज्वारी-बाजरी किंवा कणीक घातली, एकूण कार्ब तेवढेच ठेवले, तर धोका कमी झालेला दिसत नाही. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते असं समजणारे आपल्यात खूप आहेत. याच सर्व्हेवाल्यांच्या २०२२ च्या हिशोबात नवीन डायबेटीसवाल्यांना रेमिशनसाठी कार्ब ४९ ते ५४ टक्के आणि प्रोटीन १९-२० टक्के सुचवलंय, म्हणजे रोलोचं मांस-चरबी नकोच, ताटातलं थोडं सरकवायचं.

आणि सरकवायला काय घ्यायचं हे माळव्यात विचारावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं. गावाबाहेर पडलं की पावसाळ्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, खंडवा रोडवर देशाची सोयाबीन संशोधन संस्था, दाण्यात साधारण ४० टक्के प्रोटीन, आणि आपण त्याचं तेल तेवढं घरात आणतो, पेंड कोंबड्यांना नि परदेशात. सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा, मटकीची उसळ, पनीर, ताक, चालत असेल त्यांना अंडी, तीन पोळ्यांच्या जागी एक, भात दोन घास, कोशिंबीर वाटीभर, एवढं शाकाहारी मराठी घरात सहज बसतं. एकादशीला मात्र साबुदाणा टाळा, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, १०० ग्रॅममधे ८५ च्या वर कार्ब, त्यापेक्षा शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर नि दही बरं.

एक अगदी हात जोडून सांगतो, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम कार्ब कमी करू नका, डोस तोच राहिला तर साखर इतकी खाली जाते की माणूस चक्कर येऊन पडतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी असेल तर साखर ठीक दिसत असताना पण रक्तात ॲसिड वाढू शकतं, उलट्या नि दम लागला तर सरळ हॉस्पिटल. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आधी डॉक्टरांना भेटा, काय काय कमी करणार ते लिहून न्या, गोळ्यांचा डोस ठरवून घ्या, आणि पहिले दोन आठवडे मशीन जवळच ठेवा.