गृहकर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद कसे परत घ्यायचे?

शेवटचा हप्ता गेला की कर्ज संपलं, असं धरून पुष्कळजण निर्धास्त होतात. पण घराचे मूळ कागद बँकेच्या ताब्यात असतात आणि दप्तरी बोजाही (घर गहाण असल्याची नोंद) तसाच राहिलेला असतो. घर विकायला काढलं की मग धावपळ सुरू होते. म्हणून ही दोन्ही कामं कर्ज बंद करतानाच उरकून घ्या.

मुदतीआधी कर्ज फेडणार असाल तर शाखेकडे आधी फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज बंद करायला लागणाऱ्या रकमेचा हिशेब मागा. उरलेली मुद्दल, ठरावीक तारखेपर्यंतचं व्याज आणि काही शुल्क असेल तर तेही त्यात दिलेलं असतं. त्या तारखेनंतर पैसे भरले तर रोजचं व्याज वाढत जातं आणि किरकोळ बाकी राहिली तरी खातं बंद होत नाही. शुल्काचा आकडा डोळे मिटून भरू नका. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला बँकांना 2012 पासूनच मनाई आहे. स्थिर दराच्या कर्जाला मात्र करारातली अट लागू होऊ शकते, तेव्हा करार काढून वाचा.

रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाने कर्जदाराची बाजू भक्कम केली. पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. स्वतःच्या कारणाने उशीर केला तर बँकेने दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे आणि सहकारी बँका व गृहवित्त कंपन्याही त्यात येतात. कागद गहाळ झाले असतील तर नकला मिळवण्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात, भरपाई त्यानंतर सुरू होते.

कागद परत मागण्याच्या अर्जावर सगळ्या सहकर्जदारांच्या सह्या लागतात. सोबत आधार, पॅन आणि कर्ज खात्याचा उतारा ठेवा. कर्ज घेताना मिळालेली जमा कागदांची यादी असेल तर तीही न्या. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद देण्याची पद्धत बँकेने आपल्या संकेतस्थळावर दिलेली असली पाहिजे. ती वाचूनच मृत्यू दाखला व वारसाचे कागद जुळवा.

कागद घेण्याच्या दिवशी घाई अजिबात करू नका. यादी समोर ठेवा आणि एकेक कागद उघडून पाहा. नोंदणीकृत करारनाम्याच्या पानांवर दुय्यम निबंधकाचा शिक्का, दस्त क्रमांक आणि पान क्रमांक असतो. तो क्रम मधे कुठे तुटत नाही ना, हे तपासा. फोटो व अंगठ्यांचं पान, नोंदणीची पावती, सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, नोंदणीचा गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि घर पुनर्विक्रीचं असेल तर मागच्या मालकांच्या करारांची साखळी, हे सगळं हातात आल्याशिवाय ‘सर्व कागद मिळाले’ या ओळीखाली सही करू नका. एकदा सही केलीत की गहाळ पानाची जबाबदारी बँकेवर टाकणं फार अवघड होतं. नो ड्यूज दाखल्यावर (कर्जाची बाकी नसल्याचं बँकेचं पत्र) खाते क्रमांक, मिळकतीचा पत्ता आणि फेडीची तारीख बरोबर आहे का, हेही तिथेच बघा.

बोजा कुठे नोंदला आहे त्यावर पुढचं काम ठरतं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात असेल तर नो ड्यूज दाखला जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर बोजा कमी करण्याचा अर्ज करा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढा. मालमत्ता पत्रकावर असेल तर नगर भूमापन कार्यालय. फ्लॅट असेल तर सोसायटीला पत्र देऊन तिच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या. केंद्राच्या सरसाई (CERSAI) या गहाण मालमत्तांच्या नोंदवहीतला बोजा बँकच उतरवते. गहाणखत नोंदणीकृत असेल तर मात्र गहाण सोडल्याचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि त्याचं मुद्रांक व नोंदणी शुल्क सहसा कर्जदारच भरतो.

बँक टोलवाटोलवी करत असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते.