जुन्या छायाचित्रांची नोंदपट्टी

जुन्या छायाचित्रांची नोंदपट्टी : संग्रहातील प्रत्येक छायाचित्राला स्वतंत्र क्रमांक देऊन त्यात काय दिसते, ते कुठले व केव्हाचे आहे आणि ही माहिती कुठून मिळाली, हे ठरावीक रीतीने लिहून ठेवण्याची पद्धत. पुस्तक आपले नाव, लेखक आणि साल स्वतःच सांगते. छायाचित्र बहुधा काहीच सांगत नाही. पाठीवर एखादा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली दोन नावे असली तरी ते भाग्यच. ठाणे आणि नवी मुंबईत तर चित्रातली जागा ओळखणारी माणसे आणि ती जागा, दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत. म्हणून इथे नोंदपट्टीची आखणी काळजीपूर्वक करणे तातडीचे आहे.

पहिली गरज क्रमांकाची. ग्रंथालयातल्या दाखल नोंदवहीसारखाच छायाचित्रालाही दाखलांक द्यावा. संग्रहात आल्याचे वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी आणि त्या देणगीतले कितवे चित्र, एवढेच त्यात असावे, उदा., २०२४-०१२-०४५. विषय क्रमांकात कधीही घुसवू नये. ठाण्यातल्या मासुंदा तलावाचे समजून 'मासुंदा-७' असा क्रमांक दिला आणि पुढे ते पाणी कचराळी किंवा सिद्धेश्वर तलावाचे निघाले, तर पाकीट, नोंदवही आणि संगणकावरची फाइल अशा तिन्ही ठिकाणी खाडाखोड करावी लागते. ठाण्यासारख्या तलावांच्या गावात अशी गफलत सहज होते. क्रमांक मुका असावा, बोलावे ते नोंदीने.

नोंदीचा मजकूर चार वेगळ्या रकान्यांत लिहिणे सर्वांत महत्त्वाचे. पाठीवर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे, अशुद्ध असले तरी. चित्रात प्रत्यक्ष जे दिसते ते. कोणी तोंडी सांगितले असेल तर सांगणाऱ्याचे नाव व तारीख. आणि शेवटी नोंद करणाऱ्याने काढलेला निष्कर्ष, कारणासह. हे चारही एकाच ओळीत मिसळले की पुढच्या वाचकाला पुरावा आणि अंदाज वेगळे करता येत नाहीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, हा ठाणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचे जुने चित्र दिसले की खाली 'पहिली गाडी' लिहिण्याचा मोह होतो. वाफेची इंजिने त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे धावत होती. 'खाडीवरील पूल, वाफेचे इंजिन, पाच डबे' एवढीच नोंद कमी वाटली, तरी ती खरी राहते.

काळ ठरवताना चित्रच साक्षीदार म्हणून कामी येते. देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली. तेव्हा ठाणे स्थानकाच्या चित्रात रुळांवर विजेच्या तारा दिसल्या तर ते त्यानंतरचे. स्टुडिओच्या शिक्क्यात '४०० ६०१' असा ठाण्याचा पिनकोड असेल, तर तो शिक्का पिनकोड सुरू झाल्याच्या म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. गाडीच्या पाटीवर 'एमएच ०४' हा ठाण्याचा नोंदणी क्रमांक असेल, तर चित्र १९८९च्या आधीचे नाही, कारण 'एमएच'ची पद्धत तेव्हाची. अशा खुणांवरून 'यानंतर' आणि 'याआधी' अशा दोन मर्यादा लिहाव्यात. उगाच एक साल ठोकून देऊ नये. तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या (आयएसओ ८६०१) २०१९च्या दुसऱ्या भागात अंदाजे आणि शंकास्पद वर्षांसाठी वेगळी चिन्हे ठरलेली आहेत. मराठी नोंदीत 'सु.' (सुमारे) आणि प्रश्नचिन्ह पुरते, मात्र त्यांचा अर्थ नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला हवा.

स्थळाचा रकाना इथे सर्वांत जास्त फसवतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, म्हणून डहाणूच्या १९६०च्या चित्रावर 'जिल्हा ठाणे' हे बरोबरच आहे. पनवेल-उरणच्या जुन्या चित्रांवर 'जि. कुलाबा' आढळते, तो आजचा रायगड, मुंबईतले कुलाबा नव्हे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च १९७० मधली, त्यामुळे त्याआधीच्या चित्राला 'नवी मुंबई' हे नाव लावणे चुकीचे. तिथे वाशी, तुर्भे, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावे, शेते आणि मिठागरे होती. त्यांना आजच्या सेक्टरचा क्रमांक देऊन गाव पुसून टाकणे हा अन्यायच आहे. तेव्हाचे नाव, आताचे नाव आणि जमल्यास कॅमेरा कुठे उभा राहून कोणत्या दिशेला रोखला होता, असे तीन तपशील द्यावेत.

माणसांची नावे ओळीप्रमाणे, बघणाऱ्याच्या डावीकडून लिहावीत. पाठीवर पुरुषांची पूर्ण नावे आणि बायकांचे फक्त 'सौ.' किंवा 'माई' असते. मूळ मजकूर तसाच ठेवून घरच्यांना विचारून त्या बाईंचे नाव, माहेरचे आडनावही, वेगळ्या रकान्यात आवर्जून भरावे. इंग्रजी अमदानीतल्या मथळ्यांत माणसांना हिणवणारे शब्द येतात. ते अवतरणचिन्हांत जतन करावेत, पण नोंदीचे शीर्षक करू नयेत.

क्रमांक प्रत्यक्ष लिहायचा तो पाठीच्या कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लॅस्टिकचा थर असलेल्या अलीकडच्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर घालावा. डिंकाच्या चिठ्ठ्या आणि सेलोटेप वर्ज्य : डिंकाचे डाग पडतात आणि ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत चिठ्ठी सुटली की क्रमांकच हरवतो. आल्बममधले फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचे चित्र घ्यावे, कारण फोटो कोणत्या क्रमाने लावले होते हीसुद्धा माहितीच आहे.

हक्काचा रकाना रिकामा ठेवू नये. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातले छायाचित्रांसाठीचे वेगळे कलम २५ वगळले गेले आणि मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी झाली. मात्र पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणून लग्नाच्या फोटोवर स्टुडिओच्या शिक्क्याबरोबरच तो कोणाच्या घरचा, देणाऱ्याने काय परवानगी दिली आणि कोणत्या तारखेला, हेही लिहावे.