पात्रतेची तारीख आणि पुण्यातील घरांचा प्रश्न

पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसनाची कोणतीही योजना निघाली, की पाया खणला जाण्याच्या कितीतरी आधी पात्र आणि अपात्र रहिवाशांची यादी लागते, आणि वस्तीतील खरा तंटा तिच्यावरूनच सुरू होतो. घर देण्याची जबाबदारी शासनाची आहे हे तत्त्व जुने असले, तरी ती नेमकी कोणाप्रती आहे याचे उत्तर मात्र दर काही वर्षांनी बदलत आले आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्या वेळी शासनाने तात्पुरता निवारा देऊन हात झटकले नाहीत. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींमधून कायमची घरे आणि भूखंड दिले. जागांच्या मालकीहक्काचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला हे खरे, परंतु पुरात घर गेले हाच त्या वेळी मुख्य निकष होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून पोटासाठी पुण्यात आलेल्यांच्या वाट्याला अशी वसाहत आली नाही. ते ओढ्यांच्या काठी आणि टेकड्यांच्या उतारावर राहिले, आणि त्यांच्या घरांचा विचार १९७१ च्या झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायद्याच्या चौकटीत होऊ लागला.

या चौकटीत सर्वांत वादग्रस्त ठरलेला निर्णय म्हणजे संरक्षणासाठी ठरवलेली तारीख, म्हणजे जिच्या आधीपासून वस्तीत राहत असल्याचे दाखवणारेच पात्र ठरतात ती तारीख. १९७६ मध्ये मुंबईत झोपड्यांची गणना होऊन ओळखपत्रे दिली गेली. त्यानंतर ही तारीख निवडणुकांच्या आगेमागे पुढे सरकत १ जानेवारी १९९५ वर आली. या शतकाच्या सुरुवातीस तिला कायद्यातच स्थान मिळाले, २०१४ च्या दुरुस्तीने ती १ जानेवारी २००० झाली आणि पुढे २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना शुल्क भरून घर देण्याची तरतूद झाली. तारीख पुढे नेणे म्हणजे अतिक्रमणाला बक्षीस देणे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो पूर्णपणे निराधार नाही. पण शहराला मजूर, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका हव्या असतात आणि त्यांना परवडेल असे भाड्याचे घर कोणीही बांधत नाही, याचा विचार त्या आक्षेपात नसतो.

प्रत्यक्षात ही तारीख कागदांवरून सिद्ध करावी लागते. जुन्या मतदार यादीतील नाव, वीजबिल, सेवाशुल्काची पावती आणि नवरा-बायकोचे छायाचित्र व झोपडीचा क्रमांक असलेला फोटोपास, यांतील एक दुवा निसटला तरी कुटुंब अपात्र ठरू शकते. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी घरात शिरून ट्रंकेतील कागदांचा लगदा झाला, तर ते कुटुंब वीस वर्षांचा मुक्काम कशाने दाखवणार? भाडेकरू आणि माळ्यावर वेगळी चूल मांडलेला मुलगा यांचीही हीच गत होते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी २००५ मध्ये स्वतंत्र झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाल्यावर या यादीला पैशाचेही वजन आले. घरे विकसकाने बांधायची आणि त्याचा मोबदला वाढीव चटईक्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) यांच्या रूपाने त्याला मिळायचा, अशी ही रचना आहे. तिच्यात शासनाच्या तिजोरीवर भार फारसा पडत नाही, पण जमिनीचा भाव चढा नसेल तेथे योजना पुढे सरकत नाही. याच काळात येरवडा परिसरातील काही वस्त्यांमध्ये केंद्राच्या निधीतून, लाभार्थ्याचा सुमारे १० टक्के हिस्सा घेऊन, कच्ची घरे जागच्या जागी पक्की करण्यात आली. शेजार आणि कामाची जागा शाबूत ठेवणारी ही वाट अधिक माणुसकीची होती, तरी तिचा विस्तार झाला नाही. दुसरीकडे आंबिल ओढ्याकाठी दांडेकर पुलाजवळची घरे २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात आणि करोनाच्या काळात पाडायला घेतली गेली. रहिवाशांनी विरोध केला आणि त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली.

ज्यांची झोपडीच नाही, ते या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेर राहतात. स्थानकाबाहेर किंवा पुलाखाली झोपणाऱ्या माणसाशी शासनाचा संबंध दीर्घकाळ मुख्यतः १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यातूनच येत असे. दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावल्यानंतर शहरी बेघरांच्या निवाऱ्यांना केंद्रीय योजनेचे पाठबळ मिळाले आणि पुण्यातही महापालिकेचे रात्रनिवारे चालू झाले. मात्र झोपडपट्टी कायद्याच्या लेखी निवाऱ्यातील मुक्काम हा झोपडीचा पुरावा नाही. मोठ्या गृहप्रकल्पांतील २० टक्के घरे अल्प उत्पन्न गटांसाठी सोडतीने दिली जातात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अनामत रक्कम आणि नंतर गृहकर्ज लागते. रोजंदारीवर जगणाऱ्याला बँक ते कर्ज सहसा देत नाही.