हाडात पसरलेल्या कॅन्सरवर सुईने उपचार: मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कुठे अडतो

स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुफ्फुसाचा कॅन्सर हाडात उतरला आणि रेडिएशन घेऊनही दुखणं थांबेना, तर काही रुग्णांना डॉक्टर सुईने उपचार सुचवतात. सीटी स्कॅनवर बघत सुई गाठीपर्यंत नेतात, गाठ जाळतात किंवा गोठवतात, आणि मणका खचत असेल तर त्यात सिमेंट भरतात. कॅन्सर याने बरा होत नाही, पण रात्रभर कुशी बदलत तळमळणाऱ्या माणसाला झोप लागते. म्हणून पैशाअभावी हा उपचार सोडू नका.

पहिल्यांदा रुग्णालयात योजनेची मदत करायला बसलेल्या आरोग्यमित्राकडून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते विचारून घ्या. नसेल तर धर्मादाय रुग्णालय बघा. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथेही जमलं नाही की मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करा. निवडलेलं रुग्णालय निधीच्या यादीत आहे ना, एवढं मात्र आधी बघा.

आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट सगळ्यांकडे असतात. अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. तो तहसीलदारांचा, 1 लाख 60 हजारांच्या आतला आणि चालू आर्थिक वर्षाचाच हवा. मुलाच्या फीसाठी गेल्या वर्षी काढलेला दाखला जोडून कितीतरी जण फसतात.

त्याहून मोठी अडचण वेळेची. उपचार झाल्यावर बिलाचे पैसे निधी परत देत नाही. बायपाससाठी माणूस आठवडाभर दाखल असतो, तेवढ्यात नातेवाईक कागद जमवतात. इथे सकाळी सलाईन लागतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. अर्जासोबत खाटेवरच्या रुग्णाचा जिओ टॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, लागतो; तो राहिला, हे घरी पोचल्यावर आठवतं. खाजगी रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते, आणि त्या एका सहीसाठी दुखणेकऱ्याच्या घरच्यांना दोन-दोन खेपा घालायला लावणं मला अजिबात पटत नाही. पण नियम आहे तोवर अंदाजपत्रक तारीख ठरायच्या आधीच मागा, आणि सुई, सिमेंट, भूल यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या.

पाय लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा कमरेखाली बधिर वाटलं, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा अर्ज, सही, दाखला सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठा.