इटालियन साहित्य आणि विज्ञान : फारकतीची पार्श्वभूमी

इटालियन साहित्य आणि विज्ञान यांची चर्चा निघाली की १९६७च्या डिसेंबरातला एक पत्रव्यवहार हमखास आठवला जातो. अंतराळ मोहिमांच्या बातम्यांनी बेचैन झालेल्या एका लेखिकेने कादंबरीकार इटालो कॅल्व्हिनोला वर्तमानपत्रातून पत्र लिहिलं. रात्रीच्या आकाशाकडे पाहून मिळणारा निवांतपणाही आता हिरावला जाणार, ही तिची खंत होती. कॅल्व्हिनोचं म्हणणं असं की ज्याचं चंद्रावर खरं प्रेम आहे त्याचं चंद्राच्या ठरीव चित्रावर भागत नाही. त्याला आणखी जवळ जायचं असतं, आणखी पाहायचं असतं. त्याच ओघात तो लिहून गेला की गॅलिलिओ हा इटालियन साहित्यातला सर्व शतकांमधला सर्वांत मोठा लेखक. त्यावर एका नावाजलेल्या कादंबरीकाराने आक्षेप घेतला : आम्ही तर तो मान दांतेचा समजत होतो! पुढे कॅल्व्हिनोने खुलासा केला. आपल्याला गद्यलेखक म्हणायचं होतं, आणि तसं पाहिलं तर निवड मॅकियाव्हेली आणि गॅलिलिओ यांच्यातच करावी लागते.

पण मुळात या विधानाचा धक्का का बसावा? दांतेच्या महाकाव्यातल्या ‘स्वर्ग’ या भागाच्या दुसऱ्याच सर्गात चंद्रावरच्या डागांची चर्चा आहे, आणि तीत चक्क एक प्रयोग सुचवला आहे. तीन आरसे घ्यायचे, दोन सारख्या अंतरावर आणि तिसरा त्या दोहोंच्या मधे, पण जास्त लांब. आपल्या पाठीमागे दिवा ठेवायचा. लांबच्या आरशातला प्रकाश आकाराने लहान दिसेल, पण तेजाने तितकाच. कवितेच्या ऐन मध्यात हे आलं आहे, आणि कवीला त्याचा यत्किंचित संकोच नाही. १५८८मध्ये तरुण गॅलिलिओने फ्लॉरेन्सच्या विद्वानांपुढे दांतेच्या नरकाचा आकार आणि मापं यांवर व्याख्यानं दिली. दुर्बिणीतला चंद्र त्याने १६१०मध्ये लॅटिनमध्ये मांडला खरा. पण १६३२चा ‘संवाद’ हा ग्रंथ लिहिला तो लोकांच्या भाषेत, लॅटिन न येणाऱ्यांनाही वाचता यावा म्हणून. पुढचा खटला सर्वांना ठाऊक आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लेओपार्दी या कवीपाशी मात्र थोडा गुंता होतो. त्याने ‘शब्द’ आणि ‘संज्ञा’ असा भेद केला. शब्द वस्तूबरोबर आणखी दहा चित्रं डोळ्यांपुढे उभी करतो. संज्ञा वस्तू नेमकी दाखवते आणि तिथेच थांबते. विज्ञान कवितेला मारक असल्याचा पुरावा म्हणून हा भेद पुढे केला जातो. पण हाच लेओपार्दी पंधराव्या वर्षी खगोलशास्त्राचा इतिहास लिहीत होता, आणि १८२७च्या गद्यवेच्यांत त्याने गॅलिलिओचे कितीतरी उतारे घेतले. भेद जाणणं आणि फारकत घेणं या दोन गोष्टी आहेत.

फारकत झाली ती विसाव्या शतकात. त्या काळच्या सर्वांत वजनदार तत्त्वज्ञाने विज्ञानातल्या संकल्पनांना ‘आभासी संकल्पना’ म्हटलं. तो त्यांना खोट्या म्हणत नव्हता. व्यवहाराला सोयीच्या, पण खरं ज्ञान न देणाऱ्या, असा त्याचा अर्थ. बोलोन्यातल्या १९११च्या तत्त्वज्ञान परिषदेच्या निमित्ताने एका मोठ्या गणितज्ञाशी त्याची जाहीर जुंपली. लोकांच्या लेखी तत्त्वज्ञ जिंकला.

हा वाद विद्वानांपुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. पण १९२३मध्ये त्याच विचारकुळातला दुसरा तत्त्वज्ञ मुसोलिनीच्या सरकारात शिक्षणमंत्री होता, आणि त्याने शाळांची उतरंडच रचली. लॅटिन आणि ग्रीक शिकवणारी अभिजात शाळा सर्वांत वर. तिथून बाहेर पडलेल्याला विद्यापीठाचं प्रत्येक दार उघडं. नव्याने काढलेल्या विज्ञानशाळेतल्या मुलाला मात्र साहित्य आणि कायदा या विद्याशाखा बंद. ज्याने गणित-भौतिकी निवडली त्याने साहित्याकडे फिरकू नये, असं कायद्यानेच सांगितलं. ही अट सुटायला १९६९ उजाडावं लागलं. म्हणजे कॅल्व्हिनोचं ते वाक्य छापलं गेलं तेव्हाही ती लागू होती.

शाळांच्या या सुधारणेवर सगळं खापर फोडू नये, असं म्हणणारे आहेत. त्यांचा दाखला चांगला आहे : रोमच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी न्यूट्रॉनचे गाजलेले प्रयोग केले ते १९३४मध्ये, म्हणजे याच व्यवस्थेत. ते खरंच आहे. मात्र प्रयोगशाळा चालू राहिल्या म्हणून वाचकाच्या मनातली भिंत पडत नाही. विज्ञान फुललं, पण साहित्याच्या कपाटाबाहेर.

त्या भिंतीला सर्वांत मोठं खिंडार पाडलं ते एका रसायनतज्ज्ञाने. प्रीमो लेव्ही अभिजात शाळेतून रसायनाकडे गेला, आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचला आणि पुढे बरीच वर्षं तोरिनोजवळच्या रंगाच्या कारखान्यात नोकरी केली. त्याच्या १९७५च्या पुस्तकात २१ प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाला एका मूलद्रव्याचं नाव. पोटॅशियमच्या प्रकरणात, विद्यार्थी असताना, त्याला बेंझिन शुद्ध करायचं असतं. सोडियम हवं, ते नसतं, म्हणून तो पोटॅशियम वापरतो. दोन्ही जुळी भावंडंच. काम होतं. रिकामा चंबू तो नळाखाली धरतो. तळाशी चिकटून राहिलेल्या कणाला पाणी लागतं, भडका उडतो आणि खिडकीचे पडदे पेट घेतात. लेव्ही त्यातून एकच गोष्ट शिकतो : ‘जवळजवळ तेच’ यावर विश्वास ठेवायचा नाही.