निळाई पाण्याची, उजेड पिठाचा

कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानातल्या मोरेन लेकचा फोटो फिरू लागला की त्याखाली दोन शेरे हमखास येतात. पहिला, 'रंग नंतर भरलाय.' दुसरा, 'पाण्यात तांब्याचे क्षार असणार.' फोटोंवर भडक हात फिरवणारे आहेत, हे खरं. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे प्रत्यक्ष उभं राहिलं तरी तळं मोरपंखीच दिसतं, आणि त्यासाठी तांब्याची काही गरज नाही. तेच पाणी काचेच्या ग्लासात घेतलं तर रंग गायब! फार तर किंचित गढूळपणा दिसेल. म्हणजे हा रंग दिसायला काही मीटर पाणी लागतं. सगळी मेख इथेच आहे.

सुरुवात वरच्या हिमनद्यांपासून होते. हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने उतारावरून अतिशय सावकाश सरकणारा बर्फ. त्याच्या तळात दगडगोटे रुतलेले असतात आणि प्रचंड दाबाखाली ते खालचा खडक पॉलिश कागदासारखे घासत जातात. त्यातून जो बारीक चुरा निघतो त्याला भूशास्त्रज्ञ 'खडकाचं पीठ' म्हणतात. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की हे पीठ ओढ्यांतून तळ्यात उतरतं.

वाळू लगेच तळाशी बसते, पीठ बसत नाही. पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो; व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट घटतो. थंड, स्थिर पाण्यात 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दिवसाला साधारण 5 मीटर खाली जातो, 1 मायक्रॉनचा फक्त 5 सेंटिमीटर. त्याला 10 मीटर उतरायला सहा महिन्यांहून जास्त काळ लागेल, आणि तेवढ्यात वारा पाणी ढवळून टाकणारच. म्हणून उन्हाळाभर तळ्यात पीठ तरंगत राहतं.

आता रंग. हे कण निळा-हिरवा प्रकाश 'निवडून' परावर्तित करतात, असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. या आकाराचे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निवड करतं ते पाणी. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सतत कंप पावत असतात. त्यांची मूळ कंपनं अवरक्त, म्हणजे लालपलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषतात, पण त्या कंपनांच्या वरच्या पायऱ्या, म्हणजे अधिस्वर, दृश्य प्रकाशाच्या लाल टोकापर्यंत पोहोचतात. त्यामुळे पाणी लाल रंग थोडा थोडा खात जातं. याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा म्हणजे जड पाणी. त्यात हायड्रोजनच्या जागी वजनाने दुप्पट असलेलं ड्यूटेरियम असतं. बंधाचं कंपन मंदावतं, शोषण पूर्णपणे अवरक्तात सरकतं आणि निळसर झाक नाहीशी होते. रासायनिकदृष्ट्या जवळजवळ तोच पदार्थ, पण बिनरंगी!

थोडी आकडेमोड करू. शुद्ध पाण्यातून 5 मीटर प्रवास केल्यावर लाल प्रकाश (तरंगलांबी 650 नॅनोमीटर) सुमारे 18 टक्के उरतो, हिरवा (550) 75 टक्के आणि निळा (450) 95 टक्के. प्रवास 20 मीटर झाला तर लाल जवळपास शून्य, हिरवा एक तृतीयांश, निळा अजूनही 80 टक्क्यांच्या वर. स्वच्छ, खोल तळ्यात प्रकाशाला परतवणारं फारसं काही नसतं. तो खोलवर जातो, जो थोडा परत येतो तो निळाच, म्हणून तळं गडद निळं दिसतं. पीठ असलं की प्रकाश काही मीटरांतूनच माघारी फिरतो. लाल गेलेला असतो, हिरवा अजून शिल्लक असतो, आणि परतणारा प्रकाश भरपूर असतो. हीच ती उजळ मोरपंखी छटा. पीठ फारच झालं तर लाल शोषला जाण्याआधीच प्रकाश बाहेर पडतो आणि पाणी दुधट-राखाडी दिसतं, हिमनदीच्या तोंडाशी दिसतं तसं.

हिमनदीच्या पाण्यात किंवा चिखलात 'ऊर्जा' आणि औषधी शक्ती असल्याचे दावे वाचनात येतात. त्यांना काडीचाही आधार नाही. ते कण म्हणजे त्याच डोंगराचा चुरा.

तळं पाहायला जायचं तर जूनच्या सुरुवातीला घाई करू नका. तेव्हा बर्फ नुकतंच सुटत असतं आणि पीठ पुरेसं उतरलेलं नसतं. मोरेन लेकच्या रस्त्यावर 2023 पासून खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे शटल बसचं आरक्षण आधी करावं लागतं. पोहोचल्यावर तळ्याच्या तोंडाशी असलेल्या खडकांच्या ढिगावर जरूर चढा. काठावरून तिरकं पाहताना पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. सरळ खाली पाहिलं तर पृष्ठभाग जेमतेम 2 टक्के प्रकाश परतवतो आणि पाण्याच्या आतून आलेला रंग निखळ दिसतो.

याच उद्यानातल्या पेटो लेकवर पुढचा बदल पाहता येईल. त्याला पाणी पुरवणारी पेटो हिमनदी वेगाने मागे हटते आहे, आणि तिच्या तोंडाशी एक नवं तळं तयार झालं आहे. पीठातला जाडसर भाग आता आधी तिथेच बसणार. हिमनदी जसजशी आटेल तसतसं खाली येणारं पीठ अखेरीस कमी होईल, प्रकाश आणखी खोल जाऊन परतेल आणि पेटो लेकचा रंग मोरपंखीकडून गडद निळ्याकडे सरकेल.